अन्नांतील सूक्ष्म खनिजें आणि कीटकविषांची मात्रा

अमरावतीच्या पश्चिमेस थोड्या कोसांवर भातकुली हें गांव आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी यानें वसविलेलें भोजकट तें हेंच, असें परंपरा सांगते. आदिनाथाच्या मंदिरामुळें जैन यात्रेकरूंसहि तें परिचित आहे. परंतु आज या गांवाचें स्मरण करावयाचें तें पुराणासाठीं नव्हे, तेथील मातीसाठीं. पेढी आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांत जो 'खारपाण पट्टा' पसरला आहे, त्यांत भातकुलीचा परिसर येतो. जमीन काळी, खोल आणि चिकण; विहिरीला पाणी लागतें, पण तें खारट. म्हणून पीक बहुधा पावसाच्या भरंवशावर: कापूस, तूर, मूग, ज्वारी आणि पुढें हरभरा. कापूस आला कीं बोंडअळी आली, आणि बोंडअळी आली कीं पाठीवर फवारणीचा पंप चढवून विषाच्या धुरळ्यांत चालणारा मजूर आला.

या मजुराविषयीं एक साधा प्रश्न विचारतां येईल. विषाची तीच मात्रा दोन माणसांच्या अंगांत गेली, तर ती दोघांस सारखीच बाधेल काय? कीं ज्याच्या ताटांत जस्त, तांबें, सेलेनियम यांसारखीं सूक्ष्म खनिजें पुरेशीं आहेत त्यास ती कमी बाधेल, आणि ज्याच्या ताटांत तीं नाहींत त्यास अधिक? माणसावर प्रयोग करून याचें उत्तर मिळविणें कोणत्याहि सुसंस्कृत समाजास शक्य नाहीं. तें उत्तर गेल्या शंभर वर्षांत प्रयोगशाळेंतील पांढऱ्या उंदरांनीं थोडेंथोडें करून दिलें आहे. त्याचाच इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

विषाचें माप घेण्याची आजची रीत फार जुनी नाहीं. १९२७ सालीं ट्रेव्हन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें असें सुचविलें कीं, ज्या मात्रेनें प्रयोगांतील निम्मे प्राणी मरतात ती मात्रा त्या द्रव्याच्या विषारीपणाचें माप मानावी. तोपर्यंत अमुक विष जहाल, तमुक सौम्य, अशी ढोबळ भाषा चाले. आतां त्याला आंकडा मिळाला. हा आंकडा पुढें जगभर मान्य झाला, आणि कीटकनाशकांच्या डब्यांवरील लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचें वर्गीकरणहि त्याच्याच आधारानें होऊं लागलें. परंतु या आंकड्याच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली होती. ज्या उंदरांवर तो काढला जातो ते उंदीर निवडक वंशाचे, निरोगी आणि पोटभर संतुलित अन्न खाणारे असतात. उपाशी किंवा अर्धपोटी उंदराचा आंकडा निराळा येईल काय, हें प्रथम कोणी पाहिलें नव्हतें.

अन्न बदललें म्हणजे उंदीर बदलतो, ही गोष्ट मात्र आपल्याच देशांत फार ठळकपणें दाखविली गेली होती. निलगिरीवरील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे नेहमींचे आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांस घातले आणि त्यांची वाढ मोजली. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ आणि भाजी असलेल्या शीख आहारावर उंदीर सर्वांत चांगले वाढले. त्याखालोखाल पठाणांचा आहार, आणि तिसरा मराठ्यांचा. सडलेल्या तांदुळावर भिस्त असलेला मद्रासी आहार सर्वांत शेवटीं आला. वंश तोच, पिंजरे तेच, हवा तीच; ताट तेवढें निराळें. ज्या संस्थेंत हें काम झालें ती पुढें १९५८ सालीं हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध आहे.

याच सुमारास अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत आहारांतील धातूंचा शोध चालू होता. १९२८ सालीं हार्ट, एल्व्हेजेम आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, केवळ दुधावर वाढविलेल्या उंदरांचा पंडुरोग नुसत्या लोहानें बरा होत नाहीं; लोहाबरोबर तांब्याचा लेश लागतो. १९३४ सालीं त्याच प्रयोगशाळेनें जस्ताविषयीं तसाच निर्णय दिला: जस्तावांचून उंदीर वाढत नाहीं. हा प्रयोग वाटतो तितका सोपा नव्हता. अन्नांतून जस्त काढून टाकलें तरी जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंजऱ्याच्या तारा चाटून उंदीर आपली गरज भागवूं शकतो. म्हणून पुढील संशोधकांस पिंजरा, पाण्याची बाटली, फार काय प्रयोगशाळेंतील धूळ, यांचाहि बंदोबस्त करावा लागला. ज्या द्रव्याची गरज इतकी अल्प कीं पिंजऱ्याची तार चाटून ती भागावी, त्याच्या अभावानें सबंध प्राणी खुरटावा, हें त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांसहि नवल वाटलें.

आतां विष आणि खनिज यांची पहिली खरी गांठ कोठें पडली तें पाहूं. अमेरिकेच्या साउथ डाकोटा प्रांतांत घोड्यांना आणि गुरांना एक विचित्र रोग होई. केस झडत, खूर गळून पडत, जनावर लंगडत लंगडत मरे. एका लष्करी डॉक्टरानें १८५६ च्या सुमारासच त्याची नोंद केली होती. जमिनीच्या खारेपणामुळें हें होतें अशा समजुतीनें लोक त्यास 'अल्कली रोग' म्हणत. १९३० नंतरच्या दशकांत फ्रँक या शास्त्रज्ञानें आणि त्याच्या समकालीनांनीं सिद्ध केलें कीं दोष क्षाराचा नसून त्या भागांतील धान्यांत उतरलेल्या सेलेनियमचा आहे. खारवट जमिनीवर ठपका ठेवून लोक सत्तरऐंशीं वर्षें स्वस्थ बसले, आणि खरा अपराधी दाण्यांत लपून राहिला, ही गोष्ट खारपाण पट्ट्याच्या रहिवाशांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१९३८ सालीं त्याच प्रांतांतील ॲल्विन मॉक्सन यानें याहूनहि चमत्कारिक निष्कर्ष प्रसिद्ध केला. सेलेनियमयुक्त धान्य खाणाऱ्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यांत त्यानें सोमल घातला; प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारें पांच भाग. सोमल म्हणजे त्या काळचें प्रमुख कीटकनाशक. बटाट्यावरील किड्यांसाठीं 'पॅरिस ग्रीन', फळझाडांसाठीं शिशाचा सोमल, अमेरिकन कापसावरील बोंडकिड्यासाठीं चुन्याचा सोमल, असा त्याचा सर्वत्र संचार होता. एक विष पोटांत असतां दुसरें विष पाजलें तर प्राणी लवकर मरावा, अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. घडलें उलटें! सोमलाचें पाणी पिणारे उंदीर पुष्कळ अंशीं बचावले. पुढील संशोधनांत या कोड्याचा उलगडा झाला. सोमल आणि सेलेनियम यकृतांत एकमेकांस बांधून घेतात आणि पित्तावाटे आंतड्यांत उतरून शरीराबाहेर जातात. 'विषस्य विषमौषधम्' हें आपल्याकडील जुनें वचन येथें अक्षरशः खरें ठरलें.

तथापि या वचनाची दुसरी बाजूहि प्रयोगशाळेनेंच दाखविली. सेलेनियमचे कांहीं निराळे संयुग, जे शरीरांत त्याच्या विसर्जनाच्या वाटेवर तयार होतात, ते सोमलाबरोबर दिले असतां दोहोंचें विष परस्परांनीं वाढतें, असें १९८९ सालीं क्राउस आणि गँथर यांस आढळलें. धातु तोच, प्राणी तोच. केवळ रूप बदललें आणि मित्राचा शत्रु झाला. तेव्हां 'सेलेनियम सोमलाचा उतारा आहे' असें सरसकट विधान करणें शास्त्राच्या दृष्टीनें अपुरें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाला दोन अंगांनीं नवें वळण लागलें. एक अंग खनिजांचें. १९५७ हें वर्ष या बाबतींत संस्मरणीय आहे. त्या वर्षीं श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनीं दाखविलें कीं, विशिष्ट कृत्रिम आहारावर उंदरांचें यकृत सडून जातें तें सेलेनियमच्या लेशानें वांचतें. जें तोपर्यंत केवळ विष म्हणून ठाऊक होतें तेंच जीवनावश्यक ठरलें. त्याच वर्षीं चेकोस्लोव्हाकियांतील पारिझेक यानें दाखविलें कीं, कॅडमियमनें उंदरांच्या वृषणांची होणारी हानि जस्त दिल्यास टळते. आणि त्याच वर्षीं घोड्याच्या मूत्रपिंडांतून धातूंना धरून ठेवणारें एक प्रथिन हाती आलें. पुढें त्यास मेटॅलोथायोनिन हें नांव मिळालें. जस्ताच्या पुरवठ्यानें हें प्रथिन शरीरांत वाढतें, आणि तें घातक धातूंस जणूं कोंडवाड्यांत अडकवून ठेवतें. १९६७ सालीं पारिझेक आणि त्याची सहकारी ओश्ताडालोव्हा यांनीं सेलेनियम हें पाऱ्याच्या विषापासूनहि उंदरांचें रक्षण करतें असें सिद्ध केलें. पाऱ्याचीं संयुगें त्या काळीं बियाण्यास चोळण्याचें बुरशीनाशक म्हणून वापरांत होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या शोधाचें महत्त्व कळेल.

दुसरें अंग विषांचें. सोमल मागें पडला आणि नव्या रासायनिक विषांचा काळ आला. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यानें १९३९ सालीं ओळखला आणि त्याबद्दल त्यास १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. जर्मनींत गेरहार्ड श्राडर हा किडींवर औषध शोधीत असतां १९३६ च्या अखेरीस 'टाबुन' हा युद्धांतील विषारी द्रव्य ठरलेला पदार्थ त्याच्या हातीं आला, आणि १९४४ सालीं त्यानें पॅराथिऑन बनविलें. या स्फुरदयुक्त विषांची क्रिया मोठी नेमकी असते. मज्जातंतूचा निरोप स्नायूस पोंचविणारें एक द्रव्य आपलें काम होतांच शरीरांतील एका विकराकडून मोडलें जातें. हें विष त्या विकरासच जखडून टाकतें. मग निरोप थांबतच नाहीं. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायु फडफडतात आणि शेवटीं श्वास बंद पडतो. १९५८ सालीं केरळांत वाहतुकींत पॅराथिऑन सांडून दूषित झालेलें धान्य खाल्ल्यानें शंभरावर माणसें दगावलीं. न्यायमूर्ति जे. सी. शहा यांची चौकशी समिति नेमली गेली, आणि दहा वर्षांनीं, १९६८ सालीं, कीटकनाशकांचा कायदा झाला.

विष पोटभर खाणाऱ्यास आणि अर्धपोटी प्राण्यास सारखें बाधतें काय, हा प्रश्न याच काळांत कॅनडांतील क्वीन्स विद्यापीठाच्या एल्डन बॉइड यांनीं पद्धतशीरपणें हातीं घेतला. त्यांनीं उंदरांस प्रथिनांनीं तुटपुंजे आहार दिले आणि एकामागून एक कीटकनाशकें तपासलीं. तें सर्व काम १९७२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. कित्येक विषें अशा प्राण्यांस अधिक बाधलीं, आणि कॅप्टन या बुरशीनाशकाच्या बाबतींत तर तफावत फारच मोठी निघाली. मात्र हेप्टाक्लोर या विषाविषयीं अन्य संशोधकांस उलट अनुभव आला. तें विष यकृतांत गेल्यावर अधिक जहाल रूप धारण करतें; कुपोषित प्राण्याचें यकृत दुबळें, म्हणून तें रूपांतरच मंदावलें आणि प्राणी कमी बाधित झाला. यावरून प्रत्येक विषाची शरीरांतील वाट स्वतंत्रपणें तपासली पाहिजे हें उघड होतें.

ही वाट समजण्यास आणखी दोन शोधांची मदत झाली. १९६९ सालीं मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनीं तांबें व जस्त असलेल्या एका विकराचें कार्य ओळखलें: प्राणवायूपासून निघणाऱ्या दाहक कणांस तें निष्प्रभ करतें. १९७३ सालीं रोट्रक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अशाच कामाच्या दुसऱ्या एका विकराच्या गाभ्यांत सेलेनियम असतें. पुष्कळ कीटकविषें आपलें मुख्य काम करतां करतां पेशींत असे दाहक कण उत्पन्न करतात आणि पेशींचीं आवरणें जाळीत सुटतात. तेव्हां जस्त, तांबें आणि सेलेनियम म्हणजे या आगीवर पाणी घालणाऱ्या बंबांतील अवजारें होत. अवजारच नसेल तर बंब काय कामाचा?

या कल्पनेची कसोटीहि लागली. पॅराक्वाट हें तणनाशक अशाच दाहक कणांच्या वाटेनें मारतें. १९८० सालीं बर्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं सेलेनियमहीन आहारावर वाढविलेल्या उंदरांस पॅराक्वाट दिलें असतां त्यांचीं यकृतें सडलीं. पुरेसें सेलेनियम मिळालेल्या उंदरांत तशी हानि झाली नाहीं. आपल्या देशांत चंदिगडच्या पंजाब विद्यापीठांत धवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं क्लोरपायरिफॉस हें स्फुरदयुक्त कीटकनाशक उंदरांस कित्येक आठवडे दिलें, आणि एका गटाच्या पिण्याच्या पाण्यांत जस्त घातलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें नमूद आहे कीं, केवळ विष मिळालेल्या उंदरांच्या यकृतांत दाहाच्या खुणा वाढल्या व रक्षक विकरें बिघडलीं. जस्त मिळालेल्या गटांत ही बिघाडी बऱ्याच अंशीं सांवरली आणि यकृताची रचनाहि पुष्कळशी मूळ स्थितीवर राहिली. डायमेथोएट हें आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचें कीटकनाशक; त्याच्या बाबतींत सेलेनियमनें उंदरांस लाभ झाल्याचे निष्कर्ष ट्युनिशियांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केले आहेत.

श्रोते हो, येथपर्यंतची हकीकत ऐकून एखाद्याच्या मनांत असें येईल कीं, मग फवारणीस निघणाऱ्या मजुराच्या हातावर जस्ताची एक गोळी ठेवली म्हणजे काम भागलें. हाच निष्कर्ष सर्वांत घातक आहे. प्रयोगांत खनिज हें विषाच्या आधीं किंवा विषाबरोबर दीर्घकाल दिलेलें असतें, विषाची मात्रा मोजलेली असते, आणि जो लाभ दिसतो तो मुख्यतः यकृतादि अवयवांच्या दाहापुरता. मज्जातंतूंचें विकर जखडलें जाऊन ज्याचा श्वास कोंडला आहे त्यास जस्त किंवा सेलेनियम वांचवूं शकत नाहीं. त्यास ॲट्रोपिन लागतें, कृत्रिम श्वास लागतो, आणि तो वेळेवर रुग्णालयांत पोंचावा लागतो. शिवाय जस्त फार झालें तर तें तांब्याचें शोषण अडवितें. सेलेनियमच्या बाबतींत तर गरज आणि विष यांमधील अंतर फारच थोडें आहे. पंजाबांतील होशियारपूर आणि नवांशहर या भागांत सेलेनियमयुक्त जमिनीनें गुरांस व पिकांस दिलेला त्रास प्रसिद्धच आहे.

मग या सर्व संशोधनाचा भातकुलीच्या मजुरास उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो गोळीहून मोठा आहे. १९५४ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनांतील लेमन आणि फिट्झह्यू यांनीं अन्नांतील विषांशाची सुरक्षित मर्यादा ठरविण्याचा एक नियम मांडला: प्राण्यास न बाधणारी मात्रा काढावी आणि तिचा शंभरावा भाग माणसास सुरक्षित मानावा. माणूस उंदराहून नाजूक असूं शकतो आणि माणसामाणसांतहि फरक असतो, म्हणून ही शंभराची सवलत. या शंभरांत भुकेचा वांटा किती धरला आहे? उंदीर तर पोटभर जेवलेला होता!

आतां खारपाण पट्ट्याकडे पाहा. अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत जस्त असलें तरी तें पिकाच्या मुळांस सहजासहजीं मिळत नाहीं. भाताच्या 'खैरा' रोगाचें मूळ जस्ताच्या अभावांत आहे हें यशवंत नेने यांनीं १९६६ सालीं तराई भागांत दाखविलें, तेव्हांपासून भारतीय कृषिशास्त्र या गोष्टीकडे बारकाईनें पाहूं लागलें. धान्यांत आणि डाळींत जें जस्त उतरतें त्यांतील कांहीं भाग दाण्यांतील फायटेट या द्रव्यानें बांधलेला असतो आणि आंतड्यास मिळत नाहीं. भाकरी आणि डाळीवर राबणाऱ्या, दूध-अंडें-मांस क्वचितच पाहणाऱ्या माणसाच्या ताटांत जस्त कागदावर पुरेसें असूनहि शरीरांत अपुरें पडूं शकतें. इराण आणि इजिप्त येथील खेड्यांत आनंद प्रसाद यांनीं १९६० नंतर मानवी जस्ताभाव प्रथम ओळखला, तोहि अशाच धान्यप्रधान आहारावर वाढलेल्या गरीब तरुणांत.

२०१७ च्या पावसाळ्यांत वऱ्हाडांतीलच यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखीं पडले आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं विशेष चौकशी पथक नेमलें गेलें. कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधें एकत्र मिसळलेलीं, अंगावर संरक्षक कपडे नाहींत, अशीं कारणें तेव्हां पुढें आलीं, आणि तीं खरींच आहेत. त्या कारणांचा भार कमी करण्याचा येथें मुळींच उद्देश नाहीं. मजूर कुपोषित होता म्हणून मेला असें म्हणून विक्रेत्यास आणि अधिकाऱ्यास मोकळें करणें, हा तर शास्त्राचा दुरुपयोगच होईल. प्रयोगशाळेची साक्ष याच्या नेमकी उलट बाजूस आहे. दुबळ्या शरीरास विष अधिक बाधण्याचा संभव असेल, तर ज्या भागांत शरीरें दुबळीं असण्याचा संभव आहे तेथें विषाची मर्यादा अधिक कडक हवी, रक्तांतील विकराची तपासणी गांवाजवळच्या दवाखान्यांत व्हावयास हवी, आणि जहाल विषांची जागा सौम्य उपायांनीं घ्यावयास हवी.

अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ पासून या मातीची आणि पिकांची परीक्षा करीत आहे. माती तपासून तिला जस्त देणें, कडधान्यें मोड आणून व भाकरीचें पीठ आंबवून खाणें, शाळेच्या जेवणांत अंडें आणि दूध देणें, या गोष्टी औषधाच्या दुकानांत मिळत नाहींत. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचें बळ त्यांनींच येतें. तें बळ विषावरचें कवच मात्र नव्हे. कवच म्हणजे विषापासून दूर राहणें.

ट्रेव्हनच्या आंकड्यापासून चंदिगडच्या प्रयोगापर्यंतच्या या इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल. विषाचें माप डब्यावर छापलेलें असतें, पण त्याचा परिणाम ज्याच्या अंगांत तें जातें त्याच्या ताटावरहि अवलंबून असतो. शहरांतील घरांत ज्या कापसाचें कापड नित्य वापरलें जातें, तो पिकविणाऱ्याच्या ताटांत काय असतें याची विचारपूस आपण किती करतों, हा प्रश्न उंदरांस विचारतां येत नाहीं. त्याचें उत्तर आपणांसच द्यावें लागेल.